गुरांस आखर आहे, लेंकरांस काय?

पोळ्याचा दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. आपल्या झाडीपट्टींत या दिवसाचें कौतुक आम्हीं नव्यानें सांगावयास नको. आदल्या दिवशीं ज्या आखरावर खरे बैल उभे राहिले, त्याच आखरावर दुसऱ्या दिवशीं गांवचीं लेंकरें आपापले लांकडी नंदी घेऊन रांगेनें उभीं राहतात. गांवच्या वाढई-सुतारानें घडविलेला तो नंदी, त्याच्या शिंगांस बेगड, गळ्यांत घुंगरूं, आणि मागें कौतुकानें पाहणारी आई किंवा आजी. त्या एका दिवसापुरतें सारें गांव लहान मुलांकरितां जागा मोकळी करून देतें, त्यांस खाऊ देतें, त्यांच्याकडे डोळे भरून पाहतें. दिवस मावळला कीं नंदी माळ्यावर जातो. आणि लेंकरूं कोठें जातें? तें जातें रस्त्यावर, जेथून ट्रॅक्टर धांवतो. तें जातें तलावाच्या पाळीवर, जेथें पाय घसरला तर हांक ऐकावयास जवळ कोणी नसतें. नाहीं तर तें घराच्या एका कोपऱ्यांत मोबाईल हातीं घेऊन बसतें. वर्षाचा एक दिवस आखर पोरांचा आणि बाकीचे ३६४ दिवस पोरें वाऱ्यावर, हा हिशेब आम्हांस पटत नाहीं. म्हणून आज दोन शब्द लिहीत आहों.

गांव म्हणजे नुसतीं घरें नव्हेत. आपल्या वाडवडिलांनीं गांव वसवितांना ज्याची त्याची सोय पाहिली. गुरांस जमावयास आखर आणि चरावयास रान, धान मळावयास खळें, आठवड्याच्या बाजारास चौक, मेल्यावर मसणवट. कोहळी व इतर कष्टाळू लोकांनीं या भागांत तलाव आणि बोड्या बांधल्या आणि त्यांचें पाणी कोणत्या बांधीस कसें जावें याची रीत घालून दिली. हें सारें नुसतें तोंडचें नाहीं, सरकारी दप्तरांतहि आहे. १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें २२ वें कलम वाचून पाहा. गांवच्या बिनकब्जाच्या सरकारी जमिनींतून चराईसाठीं, गवतासाठीं, मसणवटीसाठीं, गांवठाणासाठीं, तळ ठोकण्यासाठीं, खळ्यासाठीं, बाजारासाठीं, इतकेंच नव्हे तर मेलेल्या जनावराचें कातडें सोलण्यासाठींसुद्धां कलेक्टरास जागा राखून ठेवतां येते. आपल्या विदर्भांत तर याच कायद्याच्या १६१ व्या कलमाप्रमाणें गांवोगांवचें निस्तारपत्रक असतें. गांवच्या मोकळ्या जमिनीची व्यवस्था कशी ठेवावी, गुरें कोठें चरावीं, लांकूडफांटा, माती, मुरूम कोठून घ्यावा, हें त्यांत लिहिलेलें असतें.

ही सारी यादी आम्हीं वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचली. जिवंत गुराची सोय तींत आहे, मेलेल्या गुराची आहे, मेलेल्या माणसाची आहे. पण तीन-चार वर्षांच्या जिवंत लेंकरानें कोठें खेळावें याचें नांव तींत नाहीं! यादीच्या शेवटीं मात्र रस्ते, बगीचे आणि इतर कोणतेंहि सार्वजनिक काम, असे शब्द आहेत. भिंतींत तेवढी एक फट आहे. त्या फटीचें दार करावयाचें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवापुरतें ठरवावयाचें आहे.

कोणी म्हणेल, "लहान मुलांकरितां सरकारनें अंगणवाडी दिली आहे, आणखी काय पाहिजे?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्या अंगणवाडीचीच गोष्ट आधीं पाहूं.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं खेड्यांतील शेतकरी शाळेपासून दूर कां राहतो याचीं दोन कारणें सांगितलीं होतीं. एक पराकाष्ठेचें दारिद्र्य, आणि दुसरें, गुरें राखावयास व शेत पाहावयास त्याला आपलीं मुलें लागतात. सरकारनें हें ऐकलें आणि कागद बांधून ठेवला. शाळा आपल्या जागीं राहिली आणि गुराख्याचें पोर आपल्या जागीं. या दोहोंमधलें अंतर तोडावयाचें तर पोरानेंच चालत गेलें पाहिजे असें नाहीं, शाळेलाहि चालतां येतें, ही गोष्ट ज्यांनीं करून दाखविली त्यांत ताराबाई मोडक यांचें नांव मोठें आहे. या बाई कांहीं काळ आपल्या अमरावतीस राहिलेल्या. पुढें भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत त्यांनीं काम केलें. १९४५ सालीं त्यांनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांस तेथेंच येऊन मिळाल्या. वस्तीवरचीं गरीब मुलें शाळेकडे येईनात, तेव्हां बाईंनीं मुलांस दोष दिला नाहीं. त्यांनीं शाळाच उचलून वस्तीच्या अंगणांत नेली. त्या अंगणांतल्या शाळेचें नांव अंगणवाडी. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली, आणि तिला कुरणशाळा म्हणूं लागले. जोतीरावांनीं जें दुखणें सांगितलें होतें, त्याचें हें औषध होतें. महागड्या खेळण्यांच्या जागीं शंख-शिंपले, पानें, बिया, खडे हींच त्या शाळेचीं साधनें होतीं.

ताराबाई १९७३ सालीं वारल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबरास भारत सरकारनें देशांतील ३३ ठिकाणीं एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस तेंच नांव मिळालें, अंगणवाडी. आज तें नांव देशाच्या कानाकोपऱ्यांत गेलें आहे. आतां, वाचकहो, आपण एक करा. हा अंक बाजूस ठेवून आपल्या गांवच्या अंगणवाडीपर्यंत चालत जा आणि तिला अंगण किती आहे तें पाहून या. कांहीं गांवीं तें असेल, त्यावर झाडाची सावली असेल, मुलें तेथें बागडत असतील. त्या गांवांचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों. पण पुष्कळ ठिकाणीं काय दिसेल? एक खोली, तिच्यावर तापलेले पत्रे, दारास लोखंडी जाळी, बाहेर दगडगोटे आणि सांडपाण्याची नाली. नांवांत अंगण आहे, जागेवर नाहीं. ज्या बाईनें शाळेच्या भिंती काढून अंगण आणलें, तिच्याच नांवाच्या वारशांत आपण अंगण काढून भिंती ठेवल्या!

"पण खेळून काय पोट भरतें?" असें विचारणारे आमचे शेतकरी बंधु पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही त्यांच्याच शेतांतलें उत्तर देतों. रोवणीच्या धानाचें बी आपण एकदम मोठ्या बांधींत टाकतों काय? नाहीं. आधीं पऱ्हे टाकतों. त्यासाठीं चांगली जमीन राखून ठेवतों, ती भुसभुशीत करतों, पाणी सांचूं देत नाहीं, ढोर शिरूं देत नाहीं. त्या लहानशा वाफ्यावर वीस-पंचवीस दिवस जी मेहनत होते, तिच्यावर सबंध हंगाम उभा राहतो. पऱ्हे पिवळे पडले तर पुढें कितीहि खत घाला, उतारा यावयाचा नाहीं. मुलाचीं पहिलीं सहा वर्षें हेच पऱ्ह्यांचे दिवस आहेत. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत लिहिलें आहे कीं, मेंदूची वाढ शेंकडा ८५ हून अधिक सहाव्या वर्षाच्या आंतच होऊन जाते. म्हणजे पहिलीच्या वर्गांत मास्तरच्या हातीं जें मूल येतें, त्याचें निम्म्याहून अधिक पीक आधींच ठरलेलें असतें. पऱ्ह्यांस जागा राखणारा शेतकरी पोरासाठीं जागा राखत नाहीं, हें नवल नव्हे काय?

आणि खेळ म्हणजे वेळ दवडणें, ही समजूतहि सोडून द्या. रेतीच्या ढिगाशीं बसलेलें पोर पाहा. तें लहान वाटीनें मोठी वाटी भरतें, ओततें, पुन्हा भरतें. एका मोठींत लहान किती मावतात हें त्याच्या हातास कळतें. आपण खळ्यावर पायली-कुडवाचें माप करतों, तेंच माप तें आपल्या रेतींत शिकतें. ओल्या मातीचा बैल करणारीं बोटें बळकट होतात, आणि उद्यां लेखणी धरतात ती हींच बोटें. आडव्या ओंडक्यावरून तोल सांभाळून चालणारें पोर आपल्या शरीरास ओळखतें. चिंचोके आणि सीताफळाच्या बिया वेगवेगळ्या करणारें पोर गणिताचा पहिला धडा गिरवितें. आणि आपला घसरगुंडीचा पाळा येईपर्यंत थांबणारें पोर जो धडा शिकतें, तो तर पुष्कळ थोरामोठ्यांसहि येत नाहीं!

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यांतील घरोघरची बोली एक नाहीं. कोणाच्या घरीं गोंडी, कोणाच्या पोवारी, कोणाच्या हलबी, कोणाच्या छत्तीसगढी, कोणाच्या झाडीबोली. असें लेंकरूं एकदम खोलींत बसवून पुस्तकी मराठींत धडा दिला तर तें गप्प होतें, आणि आपण त्याला मंद म्हणतों. पण अंगणांत झोका, पाणी आणि माती यांस कोणतीहि भाषा चालते. दोन पोरें आधीं हातांनीं बोलतात, मग एकमेकांचे शब्द घेतात. बाईंनीं त्यांच्या बोलींतले चार शब्द उचलले तर महिन्याभरांत तेंच मुकें पोर चुरूचुरू बोलूं लागतें.

इकडे आमच्या कांहीं बांधवांनीं दुसरीच वाट धरली आहे. इंग्रजी नांवाची पाटी असलेला कोणताहि बालवर्ग म्हणजे आपल्याकडे 'कॉन्व्हेंट'. धान विकून, प्रसंगीं कर्ज काढून, तीन वर्षांच्या पोरास गळ्यांत टाय बांधून गाडींत कोंबतात. तें पोर दूरच्या गांवीं जाऊन एका बाकावर तीन तास बसतें आणि ए-बी-सी-डी गिरवून येतें. आईबापांच्या मनांतली आस आम्ही जाणतों. आपलें पोर मागें राहूं नये असें कोणाला वाटणार नाहीं? ज्या घरांस पिढ्यान् पिढ्या अक्षर मिळूं दिलें नाहीं, त्या घरांस अक्षराची घाई व्हावी हें साहजिक आहे. इंग्रजीसहि आमचा विरोध नाहीं. पण फी देण्यापूर्वीं त्या शाळेंत जाऊन एवढेंच विचारा : "आमचें पोर येथें धांवेल कोठें?" याचें उत्तर मिळालें नाहीं, तर समजा कीं तुम्ही पैसे मोजून पोरासाठीं कोंडवाडा विकत घेत आहां. कोंडवाड्यांत गुरूं घातलें तर तें सोडवावयास आपण दंड भरतों. येथें घालावयासच भरतों!

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे वळतों. आषाढ-श्रावणांत रोवणी लागली कीं बायामाणसें पहांटे भाकरी बांधून चिखलांत उतरतात, तीं दिवस कलेपर्यंत. घरीं लहान मूल असेल तर दोनच वाटा. एक तर त्याला धुऱ्यावर छत्रीखालीं बसवावें. तेथें पाऊस, विंचू-सर्प आणि भरलेल्या बांध्या. नाहीं तर त्याला त्याच्या आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर द्यावें. उन्हाळ्यांत तेंदूपत्ता तोडावयाच्या आणि मोहफुलें वेंचावयाच्या दिवसांतहि हीच रीत. ती बहीण त्या दिवशीं शाळेंत जात नाहीं. चार दिवसांचे आठ होतात, आठांचा महिना, आणि मग धडे पुढें गेले म्हणून ती जावयाचेंच सोडते. हजेरीपटावर तिच्या नांवापुढें 'गैरहजर' लागतें. खरें पाहतां ती हजर असते. गांवानें करावयाचें काम ती आपल्या कडेवर वाहत असते. म्हणून लहान भावासाठीं अंगण मागणें म्हणजे मोठ्या बहिणीसाठीं शाळा मागणें आहे. जें अंगण भरवशाचें, सावलीचें, कुंपणाचें आहे आणि जेथें पाहणारें माणूस आहे, तेथें आई निर्धास्तपणें पोर ठेवील आणि मुलगी पाटी घेऊन निघेल. पण त्यासाठीं अंगणवाडीची वेळ रोवणीच्या दिवसांत आयांच्या कामाच्या वेळेशीं जुळली पाहिजे, आणि जास्तीच्या वेळेस मजुरी देऊन गांवांतलें एक माणूस नेमलें पाहिजे. हें सांभाळण्याचें काम आहे, दयेचें नव्हे.

कायदा काय म्हणतो तेंहि ऐका. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. सहाच्या आंतल्या मुलांविषयीं मात्र घटनेच्या ४५ व्या कलमांत 'राज्य प्रयत्न करील' एवढेंच राहिलें. २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षण हक्काचा कायदा लागूं झाला. त्याच्या परिशिष्टांत शाळेला क्रीडांगण असलें पाहिजे असें स्पष्ट आहे. पण तें परिशिष्ट शाळेचें, अंगणवाडीचें नव्हे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलास मैदानाचा हक्क आणि पांच वर्षांच्या मुलास सरकारचा प्रयत्न! पुढें २०१३ सालीं केंद्र सरकारनें बालसंगोपन व पूर्वशिक्षणाचें राष्ट्रीय धोरण काढलें. त्यांत ३० मुलांमागें ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा असावी असें माप घातलें आहे. हें माप किती? गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी. एवढ्याशा जागेंत आपल्या गांवीं बैलगाडी वळत नाहीं. तरी तीसुद्धां पुष्कळ ठिकाणीं मिळत नाहीं. आमचें म्हणणें, निदान दोन गुंठे मागा. जेथें अंगणवाडीच नाहीं, त्या टोल्यांनीं हेंहि लक्षांत ठेवावें कीं, सहा वर्षांखालचीं ४० मुलें असलेल्या वस्तीनें अंगणवाडी मागितली तर मागणीपासून तीन महिन्यांच्या आंत ती द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १३ डिसेंबर २००६ रोजीं दिला होता. मागितल्यावांचून मात्र कोणी देणार नाहीं.

जागा आणावयाची कोठून, हा पुढचा प्रश्न. गुरांचें चराऊ रान तोडून पोरांस द्या असें आम्ही म्हणत नाहीं. गरिबाची गाय गरिबाच्या पोराचें दूध आहे. आधीं जिल्हा परिषद शाळेच्या आवारांतला एक कोपरा पाहा. परंतु तो कुंपणानें वेगळा करा, नाहीं तर मोठ्या मुलांच्या क्रिकेटखालीं धाकटीं चिरडलीं जातात. तो नसेल तर गांवठाणांत पडून असलेली जागा शोधा. ती सांपडतेच, फक्त तिच्यावर कोणाचें तणसाचें ढिगार, कोणाचा मोडका नांगर, आणि कोणा वजनदार माणसाचा तारांचा वेढा असतो! २०११ सालीं पंजाबांतील एका गांवच्या तळ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला. तेव्हां न्यायालयानें गांवाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे काढावे असें सर्व राज्यांस बजावलें. तो निकाल आपल्यासहि लागूं आहे. जागा ठरली कीं ग्रामसभेंत ठराव करा, आणि निस्तारपत्रकांत तिची नोंद मागा. ग्रामपंचायतीच्या विनंतीवरून चौकशी करून ती नोंद बदलण्याचा अधिकार कलेक्टरास आहे. नोंद झाली नाहीं तर आज खेळावयास दिलेली जागा उद्यां कोणाचें गोदाम होईल.

जागा निवडतांना आणखी एक विचार करा. ज्या जागेंत पाय घालतांना एखाद्याही आईचा पाय अडखळतो, ती जागा कितीही चांगली असली तरी आपल्या उपयोगाची नाहीं. बड्याच्या वाड्यासमोरची नको, एकाच वाड्याच्या ताब्यांतली नको. गांवाच्या सर्व मोहल्ल्यांतून आणि टोल्यांवरून सारखी सोयीची असेल ती घ्या. रेतींत जात उमटत नाहीं. लहानपणीं एका रेतींत बसलेलीं पोरें मोठेपणीं एका पंगतींत बसावयास लाजत नाहींत. आणि ज्या लेंकराचा पाय अधू आहे किंवा ज्याला दिसत नाहीं, त्यालाहि आंत येतां यावें म्हणून वाट सपाट ठेवा.

आतां करावयाचें काय? येथें कांहीं मंडळी म्हणतील, निधि आणा, कंत्राटदार बोलवा, लोखंडी घसरगुंडी बसवा, फोटो काढा. ती घसरगुंडी आपल्या वैशाखांत तव्यासारखी तापते, पावसाळ्यांत गंजते, आणि दोन वर्षांनीं तिचा पत्रा पोराचा पाय कापतो. आमची सूचना निराळी आहे. जागा पाऊसपाण्याची असल्यानें आधीं मुरूम घालून ती उंच करा आणि पाणी वाहून जाईल असा उतार ठेवा. एका बाजूस मातीचा उंचवटा रचा. चढावयास तोच डोंगर, घसरावयास तीच घसरगुंडी. चाळलेली रेती एका खड्ड्यांत भरा आणि रात्रीं कुत्र्यामांजरांनीं घाण करूं नये म्हणून तीवर बांबूचा तट्टा झांका. सुतारानें लांकडाचे ओंडके तासून कमीअधिक उंचीचे पुरावे. लोहारानें झोक्याच्या कड्या घडवाव्या; झोक्याखालीं रेती असावी. बुरुडानें टोपल्या, सुपल्या आणि कुंपण विणावें. कुंभारानें मळलेली माती आणि लहान गाडगीं द्यावीं. गवंड्यानें पोरांच्या उंचीचा एक ओटा आणि हात धुवावयाची जागा बांधावी; भिंतीचा एक पट्टा काळा करून द्यावा, म्हणजे खडूनें हवें तें काढतां येईल. सावलीस कडुनिंब आणि आंबा लावा. तीं झाडें वाढेपर्यंत बांबूचा मांडव घाला.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. कुंपणास कण्हेर किंवा चंद्रज्योत लावूं नका. दोन्ही विषारी आहेत, आणि चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागल्यानें पोरें त्या खातात आणि ओकाऱ्यांनीं बेजार होतात. तलाव, बोडी किंवा विहीर जवळ असेल तर त्या बाजूचें कुंपण सर्वांत भक्कम करा, आणि पाण्याच्या टांक्यास झांकण ठेवा. गवत वाढूं देऊं नका. सापास तें घर होतें. अगदीं लहान मुलांच्या हातीं बारीक बिया देऊं नका. तीं त्या नाकांत घालतात. मातींत खेळल्यानें जंत होतात अशी भीति आहे, आणि ती खोटी नाहीं. पण त्यावर उपाय माती बंद करणें हा नव्हे. कोणी उघड्यावर बसूं नये, मुलांच्या पायांत चप्पल असावी, खेळून झाल्यावर साबणानें हात धुवावे, आणि जंताची गोळी वेळेवर द्यावी, हा उपाय आहे.

येथें कारागीर बंधूंच्या वतीनें एक गोष्ट स्पष्ट सांगतों. मुरूम वाहावयास, खड्डा खणावयास साऱ्या गांवानें श्रमदान करावें. पाटलानें करावें, सरपंचानें करावें, मास्तरनें करावें. पण सुतार, लोहार, बुरूड, कुंभार, गवंडी यांचें कसब फुकट मागूं नये. 'गांवचें काम आहे' म्हणून कारागिरास राबवून घेण्याची जुनी खोड आम्हांस चांगली ठाऊक आहे. त्याच्याहि घरीं लेंकरें आहेत. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्चावा असा नियम आहे. तो हिस्सा कोठें जातो हें ग्रामसभेंत विचारा, आणि त्यांतून कारागिराची मजुरी रोख द्या. शहरांतून प्लॅस्टिकचा हत्ती आणण्यापेक्षां गांवचा पैसा गांवच्या हातांत राहील, आणि मोडलें तें दुसऱ्या दिवशीं दुरुस्त होईल.

अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस बाईंवर हें सारें टाकून मोकळे होऊं नका. पोषण आहार, वजनें, लसीकरण, नोंदी, वह्या, आणि मोबाईलवरची माहिती, एवढें ओझें त्या बायांच्या डोक्यावर आधींच आहे, आणि त्याबद्दल मिळतें तें मानधन, पगार नव्हे. त्यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हें ठरावयास २०२२ सालचा एप्रिल आणि सर्वोच्च न्यायालय लागलें. म्हणून आठवड्याच्या वारांप्रमाणें आया-आज्यांच्या पाळ्या लावा. आज्यांस बसल्या जागीं गोष्टी सांगूं द्या; म्हाताऱ्यांस पोरें दाखवावयास दीपमाळ लागत नाहीं. बचत गटांनीं साफसफाईचा एक दिवस वांटून घ्यावा. ज्या घरचा बाप चावडीवर पत्ते कुटतो, त्यानें आठवड्यांतून एक सकाळ कुंपण सांधावयास द्यावी.

गरिबांच्या मुलांसाठीं उघड्यावरची शाळा हा कांहीं आमच्याच खेड्यांचा हट्ट नव्हे. १९१४ सालीं लंडनच्या डेप्टफर्ड या मजुरांच्या वस्तींत मार्गारेट मॅकमिलन आणि तिची बहीण रेचेल यांनीं अंधाऱ्या खोल्यांतल्या रोगट मुलांसाठीं मोकळ्या हवेंतील बालशाळा काढली. तेथेंहि आधीं बाग, मग वर्ग. लंडनच्या धुरांत जें साधलें, तें नागझिऱ्याच्या आणि नवेगांवच्या जंगलाशेजारीं, जेथें हवा, माती, लांकूड आणि सूर्य फुकट आहेत, तेथें साधूं नये काय? आपल्याजवळ उणीव आहे ती दोन गुंठ्यांची, आणि त्याहून अधिक, एका ठरावाची.

तो ठराव कधीं करावयाचा? २ ऑक्टोबरास गांवोगांव ग्रामसभा भरते, आणि अंगणवाडीचा जन्मदिवसहि तोच. त्या दिवशीं चार ओळी पुरेत : अमुक नंबराची अमुक जागा सहा वर्षांखालील मुलांच्या अंगणासाठीं राखून ठेवावी, निस्तारपत्रकांत तिची नोंद व्हावी, कामाची मजुरी कारागिरांस रोख द्यावी, आणि रोवणीच्या दिवसांत अंगणवाडीची वेळ वाढवावी. बायांनीं त्या सभेंत मोठ्या संख्येनें जावें, पुढें बसावें, आणि ठराव कागदावर उतरून सही होईपर्यंत उठूं नये. आजवर पुष्कळ ठराव सभेच्या चहाबरोबर विरघळून गेले आहेत.

पुढच्या तान्ह्या पोळ्यास लेंकरें नंदी घेऊन आखरावर येतील. तेव्हां संध्याकाळीं त्यांस घरीं न पाठवितां सांगतां यावें कीं, "चला, आतां तुमच्या अंगणांत चला." ज्या गांवास हें सांगतां येईल, त्या गांवानें गुरांइतकी तरी आपल्या लेंकरांची किंमत केली असें आम्ही म्हणूं.